फिलामेंट का जळते? अवशेष तपासणीतील मास स्पेक्ट्रोमीटरचे बिघाड, त्यांचे निदान आणि अहवालावरील परिणाम

जानेवारी ते एप्रिल या द्राक्ष निर्यातीच्या हंगामात नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील बागायतदारांचे लक्ष हवामान आणि बाजारभाव यांच्याइतकेच प्रयोगशाळेच्या अहवालाकडे लागलेले असते. कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा एक आकडा माल युरोपला जाणार की स्थानिक बाजारात विकावा लागणार, हे ठरवतो. हा आकडा ज्या यंत्रातून येतो, त्या गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरच्या गाभ्यात केसाहून थोडी जाड अशी धातूची एक तार असते. तिला फिलामेंट म्हणतात. ही तार तुटली तर यंत्र थांबते आणि अहवाल लांबतो. नुकसान होते, परंतु ते दिसते. याउलट तार न तुटता वाकली, झिजली किंवा तिच्याभोवतीचा भाग मळला आणि ते वेळीच लक्षात आले नाही, तर यंत्र चालूच राहते व नमुन्यात असलेला अंश ‘आढळला नाही’ असे सांगू शकते. हा दुसरा बिघाड अधिक घातक होय. फिलामेंट का निकामी होते, बिघाडाचे मूळ कसे शोधावे आणि या साऱ्याचा शेतकऱ्याच्या हातातील अहवालाशी काय संबंध आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तपासणीची पार्श्वभूमी

२००३ मध्ये युरोपीय बाजारपेठेत भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने निर्यातीला मोठा धक्का बसला. त्यानंतर २००३-०४ च्या हंगामापासून अपेडाच्या पुढाकाराने निर्यातक्षम द्राक्षांसाठी अवशेष संनियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मांजरी, पुणे येथील भाकृअनुप-राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या कार्यक्रमाचा तांत्रिक कणा ठरली. पुढे ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीमुळे नोंदणीकृत बागेपासून खोक्यापर्यंत मालाचा माग ठेवणे शक्य झाले. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात पुन्हा माल नाकारला गेला आणि बागायतदारांना मोठी झळ बसली. २०२० मध्ये युरोपीय संघाने क्लोरपायरीफॉसची मर्यादा खाली आणली. एकेका रसायनाची मर्यादा अशी कमी होत जाते, तसतशी प्रयोगशाळेच्या यंत्रांकडून अधिकाधिक सूक्ष्म मोजणीची अपेक्षा केली जाते.

ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्यासाठी युरोपीय संघात ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, हे एका हिशेबावरून स्पष्ट होईल. प्रत्येकी दहा टन द्राक्षे भरलेले दहा ट्रक घेतले आणि त्या सर्व द्राक्षांत मिळून एक ग्रॅम कीडनाशक असले, तर ते प्रमाण ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो होते. प्रत्यक्ष तपासणीत तर याहूनही कमी पदार्थ हाताळावा लागतो. दहा ग्रॅम द्राक्षलगद्याचा अर्क दहा मिलिलिटर द्रावकात घेतला आणि त्यातील एक मायक्रोलिटर यंत्रात सोडला, तर यंत्रापुढे केवळ एक मिलिग्रॅम द्राक्षाचा सार येतो. त्यातील कीडनाशक दहा पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजार कोटींवा भाग इतकेच असते. तेवढे ‘पाहण्याचे’ काम फिलामेंटपासून सुरू होते.

फिलामेंटचे कार्य

गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये अर्काची वाफ केली जाते. हेलियमसारखा वाहक वायू ती वाफ एका लांब, केशनलिकेसारख्या कॉलममधून वाहून नेतो. वाटेत निरनिराळी रसायने एकमेकांपासून सुटी होतात आणि ठरावीक वेळी एकामागून एक बाहेर पडतात. तेथून ती मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन स्रोतात येतात. हा भाग निर्वात असतो. येथे फिलामेंटमधून वीजप्रवाह सोडून ते सुमारे दोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. इतक्या तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांना ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देऊन वाफेच्या वाटेत आडवे सोडले जाते. इलेक्ट्रॉनच्या आघाताने रसायनाच्या रेणूतील एक इलेक्ट्रॉन उडतो, रेणू धनभारित होतो आणि बहुधा त्याचे ठरावीक तुकडेही होतात. हे तुकडे वस्तुमानानुसार वेगळे करून मोजले की त्या रसायनाची ओळख पटते. ऊर्जा सर्वत्र ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवण्याचा संकेत असल्याने एका प्रयोगशाळेतील तुकड्यांचा नमुना जगभरातील संदर्भसंग्रहाशी ताडून पाहता येतो. अमेरिकेत १९१८ मध्ये आर्थर डेम्पस्टर यांनी या पद्धतीचा पाया घातला.

या प्रक्रियेत दर हजार रेणूंमागे एखादाच, कित्येकदा त्याहूनही कमी रेणू भारित होतात. म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत थोडा जरी क्षीण झाला किंवा योग्य फटीतून न जाता बाजूला सरकला, तरी मुळात अल्प असलेला संकेत आणखी घटतो.

सर्वच कीडनाशके या यंत्रावर तपासली जात नाहीत, हेही लक्षात घ्यावे. पायरेथ्रॉइड गटातील, सेंद्रिय क्लोरीनयुक्त आणि अनेक सेंद्रिय स्फुरदयुक्त कीडनाशके गॅस क्रोमॅटोग्राफीला अनुकूल आहेत. मेथोमिल, कार्बेन्डाझिम, क्लोरमेक्वाट यांसारखी रसायने द्रव क्रोमॅटोग्राफीवर आधारित यंत्रावर तपासतात. तेथे बहुधा विद्युतफवाऱ्याने आयन तयार होतात, फिलामेंट नसते. त्यामुळे फिलामेंटच्या बिघाडाचा परिणाम संपूर्ण अहवालावर न होता त्यातील काही रसायनांवरच होतो आणि म्हणूनच तो पटकन नजरेस येत नाही.

फिलामेंट निकामी होण्याची कारणे

विहिरीवरची मोटार वारंवार जळत असेल, तर दर वेळी रिवाइंडिंग करून आणण्याने प्रश्न सुटत नाही, हा प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव आहे. दाब कमी आहे का, एक फेज जाते का, पाणी खाली गेल्याने पंप कोरडा चालतो का, हे पाहावे लागते. फिलामेंटचेही तसेच आहे. त्याला स्वाभाविक आयुर्मर्यादा आहेच, पण अवेळी जळालेले फिलामेंट हे बहुधा दुसऱ्याच एखाद्या दोषाचे लक्षण असते. तो दोष न शोधता नवे फिलामेंट बसवले, तर तेही थोड्याच दिवसांत जळते.

पहिले आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे हवेची गळती. फिलामेंट सहसा टंगस्टन किंवा ऱ्हेनियम या धातूंचे असते. टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश, तर ऱ्हेनियमचा ३१८६ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नुसत्या उष्णतेने ते वितळत नाही. मात्र तापलेल्या स्थितीत प्राणवायूचा स्पर्श झाला की धातूचे ऑक्साइड बनते, ते उडून जाते आणि तार बारीक होत जाते. जेथे ती सर्वांत बारीक होते तेथे अधिक तापते, अधिक झिजते आणि शेवटी तेथेच तुटते. जुन्या पिवळ्या दिव्याच्या काचेला तडा गेला की त्यातील तार क्षणात जळून जाते, त्याच प्रकारचा हा दोष, फक्त संथ गतीने घडणारा. पाण्याची वाफ हीसुद्धा गरम टंगस्टनला अशीच मारक असते.

दुसरे कारण द्रावकाचा लोट. एक मायक्रोलिटर एथिल ॲसिटेटची वाफ झाली की सामान्य तापमानाला व दाबाला तिचे आकारमान सुमारे २५० पट होते. निर्वात कक्षात तर हा लोट प्रचंड ठरतो. म्हणून द्रावक बाहेर पडून जाईपर्यंत फिलामेंट बंद ठेवण्याची वेळ पद्धतीत नमूद केलेली असते. तिला द्रावक विलंब म्हणतात. नवा, अधिक लांबीचा कॉलम बसवला किंवा वाहक वायूचा वेग कमी केला, तर द्रावक पूर्वीपेक्षा उशिरा येतो. विलंबाची वेळ जुनीच राहिली, तर नेमके द्रावक येत असतानाच फिलामेंट पेटते.

तिसरे कारण नमुन्यातील इतर घटक. द्राक्षाच्या अर्कात शर्करा, आम्ले व रंगद्रव्ये असतात, तर मिरची, हळद यांसारख्या मसाल्यांच्या अर्कात रंगद्रव्यांबरोबर तेलकट घटकही बरेच असतात. शुद्धीकरण अपुरे राहिले, तर त्यांचा काळपट थर आयन स्रोतात साचतो. कर्बयुक्त वाफेशी संयोग होऊन टंगस्टनचे कार्बाइड बनते, ते ठिसूळ असते. ऱ्हेनियम कार्बाइड बनवत नाही, हा त्याचा एक गुण. आयन स्रोताच्या विद्युतरोधक भागांवर थर बसला, तर वीज आडवाटेने वाहू लागते.

चौथे कारण हाताळणी. बसवताना तार किंचित वाकली, बोटांचे तेल लागले, स्क्रू सैल राहिला किंवा स्रोत पुरेसा निर्वात होण्यापूर्वीच फिलामेंट पेटवले, तर आयुष्य घटते. गरजेपेक्षा अधिक उत्सर्जन प्रवाह ठेवून संवेदनशीलता वाढवण्याची सवयही महाग पडते, कारण अधिक उत्सर्जन म्हणजे अधिक तापमान आणि अधिक झीज.

हवेचा संपर्क टाळताच येत नाही अशा ठिकाणी तारेची धातूच बदलतात. चेन्नईजवळचे ओरगडम हे वाहननिर्मितीचे मोठे केंद्र आहे. वाहनउद्योगात वातानुकूलन यंत्रणेचे भाग गळतात का, हे तपासण्यासाठी हेलियम गळतीशोधक वापरतात. तोही एक लहानसा मास स्पेक्ट्रोमीटरच असतो. गळती शोधणे हेच काम असल्याने त्याला हवेचे झटके सोसावे लागतात, म्हणून त्यात ऑक्साइडचा लेप दिलेले इरिडियमचे फिलामेंट वापरण्याची पद्धत आहे. ते कमी तापमानाला इलेक्ट्रॉन देते आणि हवेत सहज जळत नाही. अवशेष तपासणीच्या यंत्रात मात्र उत्पादकाने त्या आयन स्रोतासाठी सांगितलेलेच फिलामेंट वापरावे.

लक्षणांवरून निदान

बिघाड शोधताना सोप्या व न उघडता करता येणाऱ्या चाचण्या आधी, यंत्र उघडून करावयाच्या नंतर, हा क्रम पाळावा. एकदा यंत्र उघडले की ते पुन्हा निर्वात व स्थिर होण्यास कित्येक तास जातात. हंगामात एवढा वेळही मोलाचा असतो.

१. हवा व पाणी तपासणी. वस्तुमानांक १८ पाण्याचा, २८ नत्रवायूचा, ३२ प्राणवायूचा. २८ व ३२ या दोहोंची उंची वाढलेली असून त्यांचे गुणोत्तर साधारण चारास एक असेल, तर बाहेरची हवा आत येत आहे. केवळ १८ अधिक असेल आणि यंत्र नुकतेच बंद केलेले असेल, तर ती आतली ओल आहे. थोडा अवधी दिल्यास ती कमी होते. गळतीची जागा शोधण्यासाठी जोडांवर थोडा थोडा आरगॉन वायू सोडावा आणि वस्तुमानांक ४० वर लक्ष ठेवावे. ज्या जोडापाशी हा संकेत एकदम उसळतो, तेथे गळती आहे. कॉलम जेथे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतो तेथील नटाखालचे फेरूल वारंवार तापून व थंड होऊन आकसते आणि नट सैल होतो. गळतीची ही सर्वांत नेहमीची जागा. त्याखालोखाल इंजेक्शनच्या जागेवरील सेप्टम व कक्षाच्या दाराचे रबरी कडे पाहावे. गळती सापडून बंद होईपर्यंत फिलामेंट विनाकारण पेटते ठेवू नये.

२. ट्यूनिंगचा अहवाल. यंत्राच्या जुळणीसाठी पीएफटीबीए हे प्रमाण रसायन वापरतात. त्याचे ६९, २१९ व ५०२ हे वस्तुमानांक पाहिले जातात. एका दिवसाच्या अहवालावरून फारसे कळत नाही. मागील काही आठवड्यांचे अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. शोधकाला, म्हणजे इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरला द्यावा लागणारा व्होल्टेज सतत वर सरकत असेल, तर यंत्र कमी झालेला संकेत ओढूनताणून मोठा करत आहे, असे समजावे. फिलामेंट सरकलेले असेल, स्रोत मळलेला असेल किंवा मल्टिप्लायर जीर्ण झाला असेल.

३. दोष कोणत्या भागात, याची चाचणी. पीएफटीबीए इंजेक्शनच्या जागेतून वा कॉलममधून न येता थेट आयन स्रोतात येते. ही गोष्ट निदानाला फार उपयोगी आहे. पीएफटीबीएचा संकेत पूर्वीइतकाच चांगला आहे, पण कीडनाशकांचा प्रतिसाद घसरला आहे, असे दिसल्यास दोष बहुधा लायनर, इंजेक्शन किंवा कॉलममध्ये आहे आणि फिलामेंट निर्दोष आहे. दोन्ही घसरले असतील, तर दोष फिलामेंट, आयन स्रोत किंवा मल्टिप्लायरमध्ये शोधावा.

४. दुसऱ्या फिलामेंटची चाचणी. अनेक यंत्रांत दोन फिलामेंट असतात आणि संगणकावरून एकावरून दुसऱ्यावर जाता येते. दुसऱ्यावर गेल्यावर प्रतिसाद पूर्ववत झाला, तर दोष पहिल्या फिलामेंटचा. दोन्हींवर सारखाच क्षीण राहिला, तर स्रोताची मलिनता किंवा मल्टिप्लायर संशयित. दोन्हींतून उत्सर्जन शून्य असेल, तर दोन फिलामेंट एकाच वेळी जळण्यापेक्षा जोडणीची तार, संपर्कबिंदू वा विद्युत मंडल सदोष असण्याची शक्यता आधी तपासावी. मात्र मोठी गळती किंवा चुकलेला द्रावक विलंब यांनी दोन्ही फिलामेंट पाठोपाठ जाऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

५. उघडल्यानंतरची पाहणी. यंत्र नियमानुसार बंद करून, स्रोत थंड झाल्यावर मल्टिमीटरने फिलामेंटचा रोध मोजावा. सुस्थितीतील फिलामेंटचा रोध अत्यल्प असतो, तुटलेल्याचा अनंत. फिलामेंट व आधाराच्या धातूमध्ये मात्र विद्युतसंपर्क असता कामा नये. नंतर भिंगाखाली तार पाहावी. मध्यभागी निमुळती होऊन तुटलेली तार व आसपास पिवळसर किंवा निळसर पूड दिसली, तर प्राणवायूने काम केले आहे. काळा थर असेल, तर नमुन्यातील घटक किंवा द्रावक जबाबदार. तार अखंड पण लोंबलेली असेल, तर इलेक्ट्रॉनचा झोत फटीवर नेमका पडत नव्हता, असा निष्कर्ष निघतो.

शेवटचा प्रकार विशेष फसवा आहे. यंत्र उत्सर्जन प्रवाह आपोआप स्थिर राखते. तार लोंबली तरी तिच्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनची एकूण संख्या तीच राहते, फक्त त्यांतील कमी इलेक्ट्रॉन कामाच्या जागी पोहोचतात. संगणकाच्या पडद्यावर उत्सर्जनाचा आकडा बरोबर दिसतो आणि संवेदनशीलता मात्र उतरलेली असते. म्हणून उत्सर्जन ठीक म्हणजे फिलामेंट ठीक, असे गृहीत धरू नये.

बदलल्यानंतरची काळजी

नवे फिलामेंट बसवताना धागे न सुटणारे स्वच्छ हातमोजे घालावेत. स्रोत मळलेला असल्यास त्याच वेळी स्वच्छ करून घ्यावा, अन्यथा यंत्र दोनदा उघडावे लागते. यंत्र बंद केल्यावर निर्वातता पुरेशी येईपर्यंत थांबावे. शक्य असल्यास रात्रभर चालू ठेवून सकाळी हवा-पाणी तपासणी करावी आणि मगच ट्यूनिंग करावे. त्यानंतर प्रमाण द्रावणांवरून अंशांकन पुन्हा करणे आवश्यक आहे. जुन्या फिलामेंटवर केलेले अंशांकन नव्याला लागू करता येत नाही. बदलाची तारीख, वापराचे तास, तुटलेल्या तारेचे स्वरूप व सापडलेले कारण यांची नोंद वहीत ठेवावी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी हाती आल्या, की हंगामाच्या ऐन मध्यावर होणारा खोळंबा आधीच ओळखता येतो.

अहवालावर होणारा परिणाम

समजा, एका नमुन्यात क्लोरपायरीफॉसचा खरा अंश ०.०१२ मि.ग्रॅ. प्रति किलो आहे. सकाळी अंशांकन झाले तेव्हा यंत्र पूर्ण क्षमतेने चालत होते. दिवसभर नमुने टोचल्यावर स्रोत मळला, फिलामेंट किंचित लोंबले आणि सायंकाळपर्यंत प्रतिसाद सत्तर टक्क्यांवर आला. सायंकाळी तोच नमुना तपासला, तर हिशेब ०.००८४ येईल. खरा आकडा मर्यादेच्या वर, कागदावरचा मर्यादेच्या खाली. माल पाठवला जाईल आणि युरोपातील प्रयोगशाळा तो योग्य यंत्रावर तपासेल. त्याची किंमत बागायतदाराला मोजावी लागते.

याहूनही सूक्ष्म धोका ओळखीचा आहे. रसायनाची खात्री पटण्यासाठी एकापेक्षा अधिक आयन आणि त्यांचे परस्परांशी गुणोत्तर पाहतात. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार हे गुणोत्तर प्रमाण द्रावणातील गुणोत्तराच्या तीस टक्क्यांच्या आत असावे लागते. संवेदनशीलता घटली की आधी दुय्यम, लहान आयन पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतो. मुख्य आयन दिसत असूनही ओळख सिद्ध होत नाही आणि रसायन ‘आढळले नाही’ या रकान्यात जाते.

म्हणूनच शिस्तबद्ध प्रयोगशाळा नमुन्यांच्या आधी, मध्ये व शेवटी प्रमाण द्रावण टोचून प्रतिसाद टिकून आहे ना, हे पडताळते. अंतर्गत प्रमाण रसायन वापरल्यास सर्व रसायनांचा प्रतिसाद सारखाच घटला असेल, तर हिशेबातील चूक भरून निघते. परंतु जे यंत्राला दिसेनासेच झाले, ते कोणत्याही हिशेबाने परत येत नाही. कीडनाशक मिसळलेल्या नमुन्यातून ते किती टक्के परत मिळते, हीसुद्धा अशीच एक पडताळणी. ही प्राप्ती सर्वसाधारणपणे ७० ते १२० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असा संकेत आहे. या पडताळण्या चुकल्या, तर त्यांच्या दरम्यान तपासलेले नमुने पुन्हा तपासणे हाच योग्य मार्ग होय.

विस्तार कार्यकर्ते व शेतकऱ्यांसाठी

अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘मुळीच नाही’ असा नसून ‘या यंत्राला, या पद्धतीने, या मर्यादेपर्यंत दिसले नाही’ असा आहे. त्यामुळे अहवाल वाचताना परिमाणन मर्यादा, म्हणजे एलओक्यूचा रकाना पाहावा. ती मर्यादा बाजारपेठेच्या मर्यादेएवढी किंवा तिच्याहून कमी असावी. परिमाणन मर्यादा ०.०५ असलेल्या अहवालावरून ०.०१ च्या बाजारपेठेविषयी काहीही सांगता येत नाही. प्रयोगशाळेची मान्यता आयएसओ १७०२५ या मानकानुसार आहे का आणि आपले पीक व आपण फवारलेली रसायने त्या मान्यतेच्या कक्षेत येतात का, हेही विचारावे. फवारणीची नोंदवही नमुन्यासोबत दाखवली, तर कोणती रसायने विशेष लक्ष देऊन पाहावयाची, हे प्रयोगशाळेस कळते.

नोंदवहीत फवारणी आहे, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पुरता झालेला नाही, आणि तरीही अहवाल पूर्ण निर्मळ आला, तर समाधान मानण्याऐवजी शंका घ्यावी. अशा वेळी प्रयोगशाळेकडे राखून ठेवलेल्या नमुन्याची पुनर्तपासणी मागणे हा शेतकऱ्याचा रास्त आग्रह आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी अशी विचारणा करण्यास शेतकऱ्यांना प्रोत्साहन द्यावे. चांगली प्रयोगशाळा तिचा राग मानत नाही.

काढणीच्या तोंडावर नमुना देऊन दुसऱ्याच दिवशी अहवाल मिळावा, असा दबाव प्रयोगशाळेवर आणू नये. यंत्र उघडल्यावर ते स्थिर होण्यास लागणारा वेळ कोणाच्याही घाईने कमी होत नाही. घाई केल्यास अर्धवट निर्वाततेत फिलामेंट पेटवले जाते, अंशांकन टाळले जाते आणि त्याचा परिणाम आपल्याच अहवालावर होतो. यंत्र बंद असल्याचे प्रयोगशाळेने स्पष्टपणे कळवले, तर तो तिच्या विश्वासार्हतेचा पुरावा समजावा. त्या अवधीत नमुना गोठवून ठेवला आहे ना, एवढी खात्री करून घ्यावी.

अखेरीस, कोणतेही यंत्र द्राक्षातील अंश कमी करत नाही. लेबलवर शिफारस असलेलीच औषधे, शिफारशीतील मात्रा आणि प्रतीक्षा कालावधीचे काटेकोर पालन यांनीच माल सुरक्षित राहतो. यंत्र फक्त ते खरे आहे की नाही, हे सांगते. ते खरे सांगण्याच्या स्थितीत आहे ना, याची रोज खातरजमा करणे हे प्रयोगशाळेचे कर्तव्य आणि तशी खातरजमा झाली का, हे विचारणे हा बागायतदाराचा अधिकार आहे.